न्हाणीचं पाणी

सखिलेने तारेवरच्या पट्ट्या ओढून काढल्या तेव्हा त्या अजून ओल्याच होत्या. जुनी चादर फाडून केलेल्या त्या पट्ट्यांवर, कितीही उकळल्या तरी, मधोमध पिवळा डाग राहायचाच. तिने त्यांचा बोळा मक्याच्या पिठाच्या रिकाम्या पोत्यात कोंबला आणि पोतं चुलीमागे ढकललं. मग ती मागच्या खोलीकडे गेली. सासरा अंथरुणात असताना सुनेने आत डोकावायची रीत नव्हती. तिने अंगणातूनच हात घालून खिडकी ओढून घेतली, कडी नीट बसली का ते पाहिलं आणि खांद्यावरची शाल सारखी केली.



फाटकाशी सायकल टेकवून हादेबे तोपर्यंत हाकारत होता. नगरपालिकेच्या आरोग्य खात्यातला हा तिशीतला माणूस ल्वान्देनी वस्तीत जन्मलेला; त्याची आई आणि सखिले एकाच चर्चमध्ये एकाच बाकावर बसत. त्याने टोपी काढली, सगळ्यांची खुशाली विचारली, गायीगुरं असती तर त्यांचीही विचारली असती. मग तो न्हाणीघरामागे जाऊन गुडघ्यांवर बसला आणि पिंपाचं झाकण उचलून त्याने आत नाक घातलं.

"वास नाही," तो म्हणाला. ते बोलणं कौतुकाचं वाटलं.

न्हाणीतून निघालेली नळी जमिनीखालून त्या जुन्या पिंपात उतरत होती. पिंपात खडी, वाळू आणि कोळशाचे थर होते, आणि त्यांतून निथळलेलं पाणी सरळ वाफ्यांच्या मुळाशी जात होतं. ही सगळी करामत सखिलेच्या सासऱ्याची, म्हाताऱ्या गुमेडेची. दोन्ही पायांवर उभा होता त्या काळात त्याने एकट्याने चर खणला होता आणि त्या वेळी सगळी आळी त्याला हसली होती. अंघोळीच्या पाण्यावर भाजी पिकवणारा म्हणून त्याला नावंही ठेवली. पुढे नळाचं पाणी आठवड्यातून दोनदा, तेही त्याच्या मनात आलं तर, असं येऊ लागलं, आणि हसणाऱ्यांनीच पहारी घेऊन आपापल्या न्हाण्या फोडल्या. आता अर्ध्या वस्तीचा चोमोलिया, ती रुंद पानांची रोजची भाजी, न्हाणीच्या पाण्यावर हिरवा होता. सखिलेची चूल तर त्या वाफ्यांवरच पेटायची. परमुलखात, जोबर्गला कामाला गेलेल्या नवऱ्याचा फोन लागायचा बंद झाला होता, आणि मुलींची शाळा, तेल, मीठ, सगळं चर्चबाहेरच्या बाजारात विकलेल्या जुड्यांतून निघत होतं.

मग खालच्या रांगांत हगवण पसरली. पोरं दगावली. त्यातल्या एकीच्या मयताला सखिले स्वतः गेली होती; हातभर पेटी होती. नगरपालिकेने ठरवलं की ज्याला न्हाणीचं पाणी वाफ्यांना द्यायचं असेल त्याने तपासणी करून घ्यावी आणि फाटकाला हिरवी पाटी लावावी. घरात आजारी माणूस असेल तर पाटी नाही, आणि पाटी नसेल तर नळी सिमेंटने बुजवायची आणि वाफे उपटायचे. नियम वाईट नव्हता. ती पेटी पाहिलेल्या कोणालाही तो वाईट म्हणवला नसता. पण शेजारच्या माफिरीची नळी बुजवली त्या दिवशी ती बाई रिकाम्या वाफ्यांत बसून राहिली, तेही सखिलेने कुंपणावरून पाहिलं होतं.

"साबण कोणता?" हादेबेने विचारलं.

"हिरवी वडी."

"पाणी साठवून ठेवता?"

"साठवायला उरतं कुठे?"

हादेबे हसला. त्याने नळीवरची माती उकरून पाहिली, कांद्याची एक पात उपटून झटकली, पुन्हा खोचली.

"एक विचारू?" सखिले म्हणाली. "समजा, कोणाच्या घरी आजारी माणूस असलं, आणि त्याचं पाणी त्यांनी वेगळं काढलं. वाफ्याला दिलंच नाही. मग?"

"मग त्या बादलीवर पहारा कोणी करायचा? मी?" तो उठून गुडघे झटकू लागला आणि त्याने तिला मानाने, माहेरच्या कुळाच्या नावाने हाक मारली. "माडुबे, सगळे हेच विचारतात. नियम घराला आहे, बादलीला नाही." मग आवाज जरा उतरवून त्याने विचारलं, "घरात किती माणसं?"

"मी आणि दोन मुली. नवरा जोबर्गला."

"आजारी कोणी? अंथरुणाला खिळलेलं, जखम वाहणारं?"

हे उत्तर तिने कितीतरी दिवस तोंडात घोळवलं होतं.

"कोणी नाही."

मागच्या खोलीतून आवाज आला नाही. एरवी म्हातारा घटकेला कण्हायचा. साखरेच्या आजाराने त्याच्या पायाला जखम झाली होती ती वर्ष उलटलं तरी भरत नव्हती, आणि कूस बदलली की खाट आणि तो दोघंही ओरडत. आता त्या बंद खिडकीमागे खाटसुद्धा करकरली नाही. सखिलेला कळलं की तो ऐकतोय आणि श्वास धरून पडलाय. तिला त्याच क्षणी मातीत गडप व्हावंसं वाटलं.

हादेबेने खिडकीकडे पाहिलं. उन्हाने पत्रे तडतडत होते आणि वस्तीतली एकूण एक खिडकी सताड उघडी होती.

"त्या खोलीत काय?"

"धान्य आहे."

 मग त्याने टोपी डोक्यावर घातली.

"मी विचारलं, तुम्ही सांगितलं," तो म्हणाला. पिशवीतून हिरवी पाटी आणि खिळे काढून त्याने ती फाटकाला ठोकली. सायकलवर बसताना पुढचं सांगितलं, पाठ केलेलं असावं तसं. कोणी आजारी पडलं तर कळवायचं. मयत झालं तर नळी बंद, वाफे उपटायचे, पुन्हा तपासणी होईपर्यंत; आणि ती व्हायला पावसाळा उलटतो. "मयत काही लपत नाही," तो म्हणाला. "न कळवता आम्हाला दिसलं, तर पाटी कायमची जाते. आणि मी कधीही येईन, न सांगता. माझ्यावर रागावू नका."

"नाही रागावणार," सखिले म्हणाली.

संध्याकाळी तिने मक्याच्या पिठाचा घट्ट इसितश्वाला रटरटवला, वर भाजी घातली आणि थाळी थोरल्या मुलीच्या हाती आत पाठवली. सासऱ्याशी सरळ बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, जे सांगायचं ते मुलींच्या तोंडून, हे लग्न होऊन आल्यापासून चालत आलं होतं आणि त्यात कोणालाच काही जड वाटत नव्हतं. म्हातारा मुळात विनोदी. त्याचे निरोप घेऊन मुली हसत बाहेर यायच्या.

त्या दिवशी मुलगी हसली नाही.

"आजोबा म्हणाले, आईला सांग, धान्य जेवलं."

सखिले चुलीतली लाकडं मागे ओढत राहिली. निखारे विझले तरी ओढत होती.

म्हाताऱ्याला अंघोळ घालायला न्दिवेनी यायचा. दोघं एका वयाचे, तरुणपणी खाणीत एकाच पाळीवर उतरलेले. सुनेने सासऱ्याच्या अंगाला हात लावणं म्हणजे अब्रह्मण्यम्, आणि मुलगा परमुलखात. तेव्हा हे काम न्दिवेनीने न सांगता अंगावर घेतलं होतं. तो आला की आळीला कळायचं.

"ऊठ, नवरदेवा. वास मारतोयस."

"नाक घरी ठेवून यायचं, न्दिवेनी. तुला त्याचा तसाही काय उपयोग."

"माझ्या बायकोला आवडतं ते नाक."

"तिला दिसतं कमी."

असं चालायचं. मग पाणी ओतल्याचा आवाज, मधेच म्हाताऱ्याचं एक लांब विव्हळणं, त्यावर न्दिवेनीची शिवी, आणि पुन्हा हसणं. काम झालं की न्दिवेनी पाण्याचं घमेलं घेऊन बाहेर यायचा आणि सवयीने न्हाणीत, नळीच्या तोंडाशी ओतायचा. पाटी लागल्यानंतर तो पहिल्यांदा आला तेव्हा सखिले न्हाणीच्या दारात उभी होती.

"इथे नको, न्दिवेनीबाबा. मागे कुंपणापाशी ओता."

त्याने घमेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. कुंपणापाशी नुसता मुरूम होता, गवतसुद्धा धरत नव्हतं. तो गेला आणि त्याने पाणी तिथे ओतलं. तिला वाटलं, खोटं बोललोच आहोत तर निदान विकतो ती भाजी तरी स्वच्छ असू दे. ते पाणी आपल्याच पोरींच्याही पोटात जाणार होतं. तिने केलं ते बरोबरच केलं, आणि तरी मुरमावर पाणी पडल्याचा तो आवाज घरभर ऐकू गेला.

म्हाताऱ्याने तो ऐकला. स्वतः खणलेला चर त्याचा. आपलं पाणी कुठे जातं हे त्याला डोळे मिटूनही कळायचं.

पुढच्या खेपेला न्दिवेनी रिकाम्या हाताने बाहेर आला.

"नको म्हणतो."

"बरं नाही का?"

"तोंड चांगलं चाललंय." न्दिवेनी पायरीवर बसला. "म्हणतो, एक बादली माझ्यावर, मग तीच बादली मुरमावर. दोघांपैकी एकाला तरी पीक येणार आहे का?"

त्या आठवड्यात नळ एकदाच आला होता. वाफ्यांच्या कडेची पानं पिवळी पडायला लागली होती, आणि सखिले मुलींना एकाच पाण्यात, एकीमागून एक उभं करून न्हाऊ घालत होती, म्हणजे तेवढंच नळीत जावं. घरात कोणाला किती पाणी लागतं हे सगळ्यांना दिसत होतं. ती शाल डोक्यावर घेऊन मागच्या खोलीच्या दाराशी गेली, गुडघे टेकले, आणि धाकटीला म्हणाली, "आजोबांना सांग, अंघोळ करा. पाणी आहे."

धाकटी आत जाऊन आली.

"आजोबा म्हणाले, धान्याला पाणी लागलं की कीड होते."

न्दिवेनी रोज येत राहिला. बादली मागायची नाही असं दोघांमध्ये ठरलं असावं. ओल्या फडक्याने तो जमेल तेवढं पुसायचा. चेष्टा कमी झाली. माश्या वाढल्या. पट्ट्या आता तारेवर टाकता येत नव्हत्या, तेव्हा त्या चुलीवर धुरात वाळायच्या आणि घरभर वास कोंदायचा. खिडकी उघडायची तर रस्त्यावर कण्हणं जाणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो म्हाताऱ्याने इमानाने सोसला. सकाळी सायकलची घंटा वाजली, मग ती कोणाचीही असो, की त्या खोलीत एकदम शांतता व्हायची.

एका दुपारी न्दिवेनी दार लोटून बाहेर आला आणि पायरीवर न बसता स्वयंपाकघराच्या दाराला टेकला. त्याने तंबाखू काढली, तळहातावर घेतली, आणि तशीच पुन्हा डबीत टाकली.

"पाय गुडघ्यापर्यंत काळा झालाय."

सखिलेने चुलीत लाकूड सारलं.

"दवाखान्याने पाय कापायला सांगितला तेव्हा ऐकलं नाही. म्हणाला, पूर्वजांकडे लंगडत जाणार नाही. आता पूर्ण पायाने जाईल." त्याने डबी खिशात घातली. "फार दिवस नाहीत, माडुबे. त्यालाही माहीत आहे. मला म्हणतो, तुझी ती बाहेरची खोली रिकामी आहे ना."

"कशाला?"

"तुला माहीत आहे कशाला."

तिला माहीत होतं. मयत झालं की फाटकात शेकोटी पेटते, अंगणात मंडप पडतो, आणि माती होईपर्यंत रात्र रात्र गाणी चालतात. शेकोटी पाहून सगळी वस्ती येते. हादेबेची आई सगळ्यांत पुढे बसून गाते, कारण तिचा आवाज मोठा. ते सगळं या फाटकात होणार, हिरव्या पाटीखाली. वाफे उपटले जाणार, आणि पावसाळा उलटेपर्यंत मुलींच्या ताटात वाढायला काही उरणार नव्हतं.

"माणसाला त्याच्या घरातून उचलतात," ती म्हणाली. "वर्षाने त्यांना पूर्वज म्हणून घरी परत बोलवायचं तेव्हा ते कुठे येतील? तुमच्या खोलीत?"

"मी म्हटलं ते त्याला. तर म्हणाला, चर मीच खणलाय, वास काढत येईन." न्दिवेनीने तोंड फिरवून डोळे पुसले. "तू नको म्हण. तू नको म्हणालीस तर मी त्याला नेणार नाही. मला फक्त तुझ्या तोंडून ऐकू दे."

सखिलेने वाट पाहिली. आपल्या तोंडातून ते शब्द येतील म्हणून तिने खरोखर वाट पाहिली. चुलीवरचं पाणी उकळून उकळून आटायला लागलं. बाहेर वाफ्यांत कोंबडी शिरली होती, आणि ती आता हाकलली पाहिजे, एवढंच तिच्या मनात येत होतं. तिला स्वतःची शिसारी आली, तरी ती गप्पच राहिली.

"सकाळी येतो," न्दिवेनी म्हणाला. "पोरी शाळेत गेल्यावर."

सकाळी त्याने पाण्याची पिंपं वाहायची ढकलगाडी आणली, तिच्यात घोंगडी अंथरली. सखिले न्हाणीच्या भिंतीआड जाऊन उभी राहिली, कारण म्हाताऱ्याला उचलताना पाहायचं नव्हतं. तिला दोन म्हाताऱ्यांची धाप ऐकू आली, एकमेकांना दिलेल्या शिव्या ऐकू आल्या, आणि मग गाडीची चाकं मुरमावरून कुरकुरली. ती बाहेर आली. म्हातारा गाडीत बसला होता. त्याने कोट घातला होता, लग्नाकार्याचा, आणि हॅट. पायावर घोंगडी ओढली होती. तो इतका लहान झाला होता की तिने त्याला ओळखलं ते हॅटवरून.

तिने शाल डोक्यावर घेतली आणि खाली पाहत उभी राहिली. काहीतरी बोलावं, पण सांगायला घरात मूल नव्हतं.

तेवढ्यात सायकलची घंटा वाजली, आणि ही हादेबेचीच होती. तो फाटकातून आत येऊन उभा राहिला होता, सायकल हातात, आणि गाडीकडे पाहत होता. वास त्याला आलाच असणार. न्दिवेनीने दांड्या खाली ठेवल्या.

"नमस्कार, बाबा," हादेबे म्हणाला. मग सखिलेकडे वळून, आळीतल्या म्हाताऱ्याला ओळखतच नसल्यासारखं, त्याने खात्याच्या आवाजात विचारलं, "हे कोण?"

सखिलेने तोंड उघडलं. आता सांगून टाकावं, असं तिला वाटलं. सांगून टाकलं असतं तर गाडी मागे वळली असती, म्हातारा आपल्या खाटेवर गेला असता. तिने श्वास घेतला.

"पाहुणा," म्हातारा म्हणाला. आवाज खणखणीत होता, खाणीत पलीकडच्या माणसाला हाक मारायची तसा. "निघालोच होतो. यांनी थांबवून घेतलं."

मग त्याने हॅट काढली. इतक्या वर्षांत सखिलेने त्याचं उघडं डोकं पाहिलं नव्हतं. ती हॅट त्याने छातीशी धरली आणि सरळ तिच्याकडे तोंड केलं.

"माडुबे," तो म्हणाला, "आता आम्हाला वाट द्या."

ल्वान्देनीत पाहुणा असाच निघतो. यजमानाने वाट दिल्याशिवाय तो अंगण सोडत नाही. घरच्या माणसाने वाट मागायची नसते, त्याला ती कोणाकडे मागायची असते? न्दिवेनी दुसरीकडे पाहू लागला. हादेबे थांबला होता, टोपी हातात घेऊन, उत्तर यजमानीणबाईंनी द्यायचं असतं म्हणून.

"आलात, बरं वाटलं," सखिले म्हणाली. "काही कमीजास्त झालं असेल तर मनावर घेऊ नका. जा सावकाश. पुन्हा या."

"येऊ," म्हातारा म्हणाला. "घर चांगलं आहे तुमचं."

न्दिवेनीने दांड्या उचलल्या. हादेबेने सायकल कुंपणाला टेकवली आणि दोन्ही हातांनी फाटक धरून ते पार मागेपर्यंत उघडलं, गाडीच्या चाकाला कुठे धक्का लागू नये म्हणून.